शर्यती व उच्चक्षम मोटारगाड्या

शर्यती व उच्चक्षम मोटारगाड्या : केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, तसेच नेहमीच्या वापराच्या मोटारगाडीत फेरफार करून अधिक वेग, प्रवेग व स्थैर्य मिळविलेल्या मोटारगाड्या. यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील शुद्ध शर्यती गाडीला सार्वजनिक रस्त्यावर चालण्याचे बंधन नसते. त्यामुळे तिला दिवे, चिखलरोधक, मागचे आसन किंवा सामानाची जागा असावी लागत नाही. दुसऱ्या वर्गातील उच्चक्षम प्रतिमान बाहेरून कुटुंबाच्या गाडीसारखेच दिसते. परंतु त्याचे एंजिन, गिअरपेटी, स्प्रिंगा व ब्रेक निराळे असतात आणि ते रस्त्यावर रीतसर नोंदविता येते. अशी प्रतिमाने मूळ गाडीच्या मानाने फारच थोडी तयार होतात. ही दुर्मिळता बहुधा हौसेतून किंवा चैनीतून आलेली नसून शर्यतींच्या नियमांतून आलेली असते. भारतात मात्र तिची कारणे वेगळी आहेत.

इतिहास : मोटारगाडीच्या आरंभकाळात शर्यती गाडी व साधी गाडी असा भेद नव्हता. १८९४ मधील पॅरिस–रूआँ चाचणीत आणि १८९५ मधील पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत धावलेल्या गाड्या त्या काळच्या नेहमीच्याच गाड्या होत्या. प्रश्न वेगाचा कमी व गाडी मुक्कामी पोहोचते की नाही याचा अधिक होता. भारतातील आरंभीच्या स्पर्धाही विश्वसनीयतेच्या चाचण्याच होत्या. डिसेंबर १९०४ मध्ये दिल्ली ते मुंबई अशी चाचणी घेण्यात आली. १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर मार्गावर, सह्याद्रीतील घाट चढून-उतरून, झालेल्या चाचणीत रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘४०/५०’ प्रतिमानाच्या एका गाडीने यश मिळविले. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखली गेलेली ही गाडी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. हेच प्रतिमान ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या सांगाड्यावर चिलखती गाड्या बांधण्यात आल्या. अशी एक चिलखती गाडी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात पाहावयास मिळते. घाटात टिकून राहिलेला सांगाडा रणांगणावरही उपयोगी पडावा, यातून त्या काळच्या स्पर्धांचे प्रयोजन स्पष्ट होते.

१९०६ मध्ये फ्रान्समध्ये ल मां येथे पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत झाली व १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे खास बांधलेला शर्यतमार्ग सुरू झाला. तेव्हापासून शुद्ध शर्यती गाडी साध्या गाडीपासून दुरावत गेली. दोन महायुद्धांच्या दरम्यान बुगाटी, आल्फा रोमिओ, मर्सिडीज-बेंझ इ. कंपन्यांनी बांधलेल्या गाड्या सामान्य ग्राहकाच्या आवाक्यापलीकडच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान, स्वस्त गाड्यांचा प्रसार झाला आणि त्यांतूनच शर्यती गाडी घडविण्याचा मार्ग पुन्हा खुला झाला. इटलीत कार्लो आबार्थ यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेली कंपनी फियाटच्या लहान गाड्यांसाठी निष्कास नळ्या व एंजिनाचे सुधारित भाग तयार करू लागली. विंचवाचे चिन्ह मिरविणाऱ्या या गाड्यांनी आपल्याहून मोठ्या एंजिनांच्या गाड्यांना मागे टाकले. फियाटने १९७१ मध्ये ही कंपनी आपल्यात सामावून घेतली.

ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेली ‘मिनी’ ही ८४८ घ. सेंमी. एंजिनाची व सु. ३४ अश्वशक्तीची काटकसरीची गाडी होती. शर्यती गाड्यांचे निर्माते जॉन कूपर यांच्या प्रयत्नांमुळे १९६१ मध्ये ‘मिनी कूपर’ व १९६३ मध्ये ‘कूपर एस’ ही प्रतिमाने निघाली. या गाडीने माँटी कार्लो रॅली १९६४, १९६५ व १९६७ अशी तीन वेळा जिंकली. १९६६ मध्येही ती पहिली आली होती. परंतु पुढील दिव्यांची रचना नियमबाह्य ठरवून तिला बाद करण्यात आले. फोर्डच्या ‘कॉर्टिना’ या कुटुंबाच्या गाडीत लोटस कंपनीचे १,५५८ घ. सेंमी. चे, दोन कॅमदंडांचे एंजिन बसवून १९६३ मध्ये ‘लोटस कॉर्टिना’ तयार झाली.

मुंबईकरांना अशा गाड्यांचे दर्शन १९६८ मध्ये घडले. त्या वर्षीच्या लंडन–सिडनी मॅरेथॉनचा पहिला टप्पा मुंबईत संपला व तेथून गाड्या बोटीने ऑस्ट्रेलियास रवाना झाल्या. मुंबईत रॉजर क्लार्क यांची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. परंतु ऑस्ट्रेलियात यांत्रिक बिघाडांमुळे ती मागे पडली आणि अँड्र्यू कॉवन यांच्या ‘हिलमन हंटर’ या साध्या घराण्यातील गाडीने स्पर्धा जिंकली. क्षमता वाढविताना टिकाऊपणाची किंमत मोजावी लागते, हे या स्पर्धेत दिसून आले.

प्रकार-मान्यता : उच्चक्षम प्रतिमानांच्या निर्मितीमागील मुख्य कारण म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटार संघाची प्रकार-मान्यतेची अट होय. रस्त्यावरील गाड्यांसाठी असलेल्या शर्यतीत एखादे प्रतिमान उतरवावयाचे असेल, तर त्याच्या ठरावीक संख्येच्या प्रती प्रत्यक्ष तयार झाल्या आहेत हे निर्मात्यास दाखवावे लागते. ही संख्या गटानुसार बदलत आली आहे. १९८२ पासूनच्या नियमांत ‘अ’ गटासाठी ५,००० व ‘ब’ गटासाठी २०० गाड्या बारा महिन्यांत तयार होणे आवश्यक होते. एकच शर्यती गाडी बांधून तिला ‘रस्त्यावरची गाडी’ म्हणण्यास आळा बसावा, हा या अटीचा हेतू होता. तिचा परिणाम मात्र वेगळाही झाला. शर्यत जिंकण्यासाठी लागणारे भाग साध्या गाडीत नसल्यामुळे निर्मात्यांनी अटीपुरत्याच गाड्या त्या भागांसह बांधल्या व ग्राहकांना विकल्या. अशा रीतीने शर्यतीचे भाग बसविलेली गाडी सामान्य माणसाच्या दारात येऊ शकली.

पोर्श कंपनीच्या ‘९११ कॅरेरा आरएस’ या प्रतिमानाच्या ५०० गाड्या मान्यतेसाठी पुरेशा होत्या; मागणीमुळे १९७२-७३ मध्ये दीड हजारांहून अधिक तयार झाल्या. बीएमडब्ल्यूची ‘एम ३’ (१९८६) ही ‘अ’ गटाच्या अटीतून जन्मली. ‘ब’ गटातील अल्पसंख्य गाड्यांची शक्ती वाढत गेली. १९८६ मध्ये पोर्तुगाल व कॉर्सिका येथे प्राणघातक अपघात झाल्यावर त्या वर्षाअखेर हा गट रॅलीच्या जागतिक स्पर्धेतून वगळण्यात आला. नियमांतील पळवाटाही काढण्यात आल्या. फेरारीच्या ‘२५० जीटीओ’च्या (१९६२–६४) शंभर गाड्या अपेक्षित असता ती जुन्याच प्रतिमानाची सुधारित आवृत्ती असल्याचे दाखवून केवळ ३६ गाड्यांवर काम भागविण्यात आले. त्यांपैकी एका गाडीस २०१८ मधील लिलावात ४.८४ कोटी डॉलर किंमत आली.

रचना व क्षमतावर्धन : एंजिनाची शक्ती त्याच्या परिबलावर व फेऱ्यांच्या वेगावर अवलंबून असते. त्याच आकारमानाच्या एंजिनातून अधिक शक्ती मिळविण्यासाठी प्रत्येक फेरीत अधिक हवा व इंधन सिलिंडरात जाईल, ते अधिक चांगले जळेल आणि जळलेले वायू लवकर बाहेर पडतील अशी योजना करावी लागते. त्यासाठी एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसविणे, झडपा मोठ्या करणे, झडपा अधिक काळ उघड्या राहतील अशा आकाराचा कॅमदंड वापरणे व निष्कास नळ्यांची लांबी जुळविणे हे उपाय करतात. सिलिंडराचा माथा तासून ज्वलनकक्ष लहान केल्यास संपीडन गुणोत्तर वाढते. मात्र अशा एंजिनास उच्च ऑक्टेन अंकाचे पेट्रोल लागते, अन्यथा इंधन अवेळी पेटून ठोके बसतात व दट्ट्यांची हानी होते. १९७० नंतर निष्कास वायूंच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोचा, म्हणजे सिलिंडरात हवा कोंबणाऱ्या चक्राचा, प्रसार झाला. त्यामुळे लहान एंजिनातून मोठ्या एंजिनाइतकी शक्ती मिळू लागली.

शक्ती वाढविणे हा कामाचा अर्धाच भाग होय. धावत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किमी. ऐवजी १४० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीस थांबविताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता सोसावी लागते. म्हणून मिनी कूपरला पुढील चाकांवर चकती ब्रेक देण्यात आले होते. याखेरीज स्प्रिंगा अधिक ताठ करतात, गाडी जमिनीलगत आणतात, टायर रुंद बसवितात व वजन कमी करतात. या सुधारणा साध्या गाडीत सरसकट केल्या जात नाहीत याची कारणे उघड आहेत. शर्यतीसाठी जुळविलेले एंजिन कमी फेऱ्यांवर अडखळते, गर्दीत तापते, इंधन अधिक पिते व लवकर झिजते. ताठ स्प्रिंगांवर खराब रस्त्याचा प्रवास त्रासदायक होतो. साधी गाडी ही अनेक गरजांमधील तडजोड असते. उच्चक्षम गाडीत ही तडजोड एका बाजूस झुकविलेली असते.

भारतातील स्थिती : सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे फियाटच्या सहकार्याने मोटारगाड्या तयार केल्या. त्यांपैकी १,०८९ घ. सेंमी. एंजिनाची ‘फियाट ११००’ ही गाडी १९५० च्या दशकापासून प्रचारात आली व १९७४ मध्ये तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. परवाना पद्धतीच्या काळात गाडीसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जी गाडी तयार होताच विकली जाते, तिचे वेगवान प्रतिमान काढण्याचे निर्मात्यास कारण नव्हते. इटलीत मात्र याच गाडीचे ‘टुरिस्मो व्हेलोचे’, म्हणजे वेगवान प्रवासी गाडी, हे अधिक शक्तीचे प्रतिमान १९५३ मध्ये निघाले होते.

त्यामुळे भारतात उच्चक्षम गाडी कारखान्यात निर्माण न होता गॅरेजमध्ये निर्माण झाली. मुंबईत जुहू विमानतळाची धावपट्टी, कोलकात्याजवळ बराकपूर व चेन्नईजवळ शोलावरम येथील धावपट्ट्या यांवर शर्यती होत. त्यांत परदेशी गाड्यांबरोबर फेरफार केलेल्या फियाटही धावत. आयातीवर निर्बंध असल्याने सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. माथा तासणे, झडपांच्या बैठका घासणे, कॅमदंडाचा आकार बदलणे, जादा कार्ब्युरेटरसाठी नळ्या जोडणे ही कामे मिस्त्री व कातारी आपल्या हातांनी करीत. अशी प्रत्येक गाडी इतरांहून वेगळी असे. युरोपातील दुर्मिळ प्रतिमानाच्या निदान दोनशे-पाचशे प्रती असतात व कारखान्याच्या दप्तरी त्यांची नोंद असते. येथील गाडीची प्रत एकच आणि तिचा तपशील तिच्या मिस्त्रीच्या स्मरणात, असा प्रकार होता.

१९८० मध्ये मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ बाजारात आल्यानंतर कोइमतूरचे एस्. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचे एंजिन वापरून एका आसनाची स्वस्त शर्यती गाडी तयार केली. तिच्यामुळे अनेक तरुण चालकांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. पुढे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइमतूरजवळ ‘कारी’ व २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे ‘बुद्ध’ हे कायम शर्यतमार्ग झाले.

महाराष्ट्रातील निर्मिती व चाचणी : उदारीकरणानंतर उच्चक्षम प्रतिमाने भारतीय कारखान्यांतून निघू लागली. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी हे केंद्र धरून हवाई अंतराने सु. १२५ किमी. त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास त्यांपैकी अनेकांची जन्मस्थाने त्यात येतात. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जवळील शेंद्रा येथे स्कोडाची ‘ऑक्टेव्हिया आरएस’ ही १.८ लिटर टर्बो एंजिनाची व १५० अश्वशक्तीची गाडी २००४ च्या सुमारास जोडली जाऊ लागली. चाकण येथे फोक्सवॅगनने २०१३ मध्ये ‘पोलो जीटी टीएसआय’ ही १.२ लिटर टर्बो एंजिनाची, १०५ अश्वशक्तीची गाडी काढली. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव येथे २०१५ मध्ये ‘आबार्थ पुंटो’ तयार झाली. साध्या पुंटोचे १.२ लिटर पेट्रोल एंजिन ६८ अश्वशक्ती देई. त्याच सांगाड्यातील आबार्थचे १.४ लिटर टर्बो एंजिन १४५ अश्वशक्ती व २१२ न्यूटन-मीटर परिबल देई. तिच्या चारही चाकांना चकती ब्रेक होते व ती जमिनीच्या अधिक जवळ आणलेली होती. ज्या फियाटला मुंबईच्या मिस्त्रींनी दोन पिढ्या आपल्या परीने वेगवान केले, तिच्याच घराण्यातील विंचवाच्या चिन्हाची ही गाडी महाराष्ट्रातच बांधली गेली. खप मर्यादित राहिला व ‘भारत टप्पा ६’ हे प्रदूषणविषयक निकष लागू होण्याच्या सुमारास फियाटने भारतातील आपल्या नावाच्या गाड्यांची विक्री थांबविली. त्यामुळे ती अल्पावधीतच दुर्मिळ झाली.

शर्यतीसाठी जशी प्रकार-मान्यता लागते तशी रस्त्यासाठीही लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अनुसार प्रत्येक नव्या प्रतिमानाच्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) व अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या अशा संस्थांपैकी होत. दुसरी संस्था संरक्षण संशोधन व विकास संघटनेची असून लष्करी वाहनांसाठी उभारलेले तिचे चाचणीमार्ग नागरी वाहनांच्या परीक्षणासाठीही वापरले जातात. कारखान्याच्या उच्चक्षम गाडीस ही मान्यता मिळते. गॅरेजमध्ये सुधारलेल्या एकट्या गाडीस ती मिळण्याचा मार्ग अवघड आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा मूलभूत फेरफार करण्यास मनाई आहे.

अस्सलपणा व जतन : उच्चक्षम प्रतिमान व साधी गाडी यांचा सांगाडा एकच असल्यामुळे एकीवरून दुसरीची नक्कल करणे सोपे असते. साध्या कॉर्टिनावर लोटसचे पट्टे रंगविता येतात, तसेच मिनीवर कूपरची चिन्हे बसविता येतात. म्हणून अशा गाडीचे मोल तिच्या धातूइतकेच तिच्या कागदपत्रांवर अवलंबून असते. सांगाड्याचा व एंजिनाचा क्रमांक, कारखान्याची नोंदवही, पहिल्या मालकाची पावती, शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका व तत्कालीन छायाचित्रे यांवरून तज्ञ अस्सलपणा ठरवितात. शर्यती गाडीच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. अपघातानंतर तिचा सांगाडा बदललेला असतो, दर हंगामाला एंजिन नवे येते. अशा वेळी मूळ गाडी कोणती, हा वाद उद्भवतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत वाहनाच्या वापराच्या काळात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे साक्षीदार मानले आहेत.

भारतात जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बांधणी वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना त्यांन्वये ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. या नियमामुळे संस्थानिकांच्या व मोठ्या घराण्यांच्या गाड्यांना संरक्षण मिळाले. तथापि हा निकष शब्दशः लावल्यास जुहू किंवा शोलावरम येथे धावलेली, माथा तासलेली व दोन कार्ब्युरेटर बसविलेली फियाट त्यात बसत नाही. फेरफार हेच तिचे ऐतिहासिक महत्त्व असता तोच तिचा दोष ठरतो. ती मूळ स्वरूपात आणावी, तर तिच्यात उरते ती केवळ एक जुनी फियाट.

मूळ प्रतिमानही आता विरळ होत चालले आहे. २००३ मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली व मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी इतिहासजमा झाली. टॅक्सींची छायाचित्रे, नोंदी व आठवणी विपुल आहेत. शर्यतीसाठी सुधारलेल्या गाड्यांबाबत तसे नाही. त्यांपैकी अनेक गाड्या पुढे पुन्हा साध्या करून विकल्या गेल्या किंवा भंगारात गेल्या, आणि कोणत्या गाडीत काय बदल केला होता हे सांगू शकणारे मिस्त्री व चालक आता वृद्ध झाले आहेत. परदेशात कारखान्याच्या दप्तराने केलेले काम येथे त्यांच्या साक्षीनेच होऊ शकते. गॅरेजची बिले, तासलेल्या माथ्यांची मापे, कार्यक्रमपत्रिका व घरोघरच्या अल्बममधील छायाचित्रे एकत्र करून गाडीच्या सांगाडा क्रमांकाशी जोडणे, हा भारतीय शर्यती गाड्यांच्या जतनाचा पहिला व तातडीचा टप्पा आहे.